फाउंड्रीतले फोन कॉपरवरून एसआयपीवर : चार महिन्यांच्या नोंदी

शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. मी मूळ इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा माणूस. संगणक, कॅमेरे आणि फोन एकेक करत माझ्या गळ्यात पडले. फोनचं म्हणाल तर २००९ सालचा ईपीएबीएक्स (ऑफिसातलं फोनचं एक्सचेंज), आठ कॉपर लाईनी आणि हंटिंग एका पायलट नंबरवर, म्हणजे लोक तो एकच नंबर लावणार आणि जी लाईन मोकळी असेल तिच्यावर फोन येणार. गेल्या पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि १९ दिवस फोन बंद राहिले. तेव्हाच मालक म्हणाले, "पुढच्या पावसाच्या आत हे झेंगट काढून टाका." म्हणून कॉपर सोडून एसआयपीवर, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनवर जायचं ठरलं. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर आमच्या चुका तरी टळतील, म्हणून या नोंदी.

६ जानेवारी २०२५, सोमवार

आमची सुट्टी सोमवारी असते, म्हणून मोजणीला आजचा दिवस धरला. ईपीएबीएक्सच्या प्रोग्रॅममध्ये एक्स्टेन्शन ३४. ही यादी छापून घेतली आणि वाटलं, झालं काम.

मग एमडीएफचा, म्हणजे सगळ्या फोनच्या तारा जिथे येऊन जुळतात तो डबा उघडला. सोळा वर्षांची काळी धूळ. फाउंड्रीची धूळ झटकून जात नाही, रंगकामाचा ब्रश घेऊन क्रोनच्या (तारा खोचायच्या) पट्ट्या एकेक करून साफ कराव्या लागल्या. झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या लाइनमनने पेन्सिलीने तारांच्या जोड्यांचे नंबर लिहून ठेवलेत, निम्मे पुसलेले. काही पट्ट्यांवर काळे पडलेले प्लास्टिकचे तुकडे खोचलेले होते. जुनी अडगळ समजून काढले आणि एका वेगळ्या डब्यात टाकले. (हे लक्षात ठेवा, पुढे येईल.)

टोनर (तारेत सूर सोडून ती शोधायचं यंत्र) लावून जोड्या तपासल्या, तर चालू जोड्या ३८ निघाल्या. यादीपेक्षा चार जास्त. आणखी एक घोळ असा की बिल आठ लाईनींचं येतं, पण ईपीएबीएक्समध्ये शिरतात सहाच. दोन लाईनी भिंतीतून कुठेतरी जातात. कुठे, ते कुणालाच सांगता येईना. अकाउंट्सवाले इतकी वर्षं आठही लाईनींचं भाडं भरतायत.

९ जानेवारी

फोन कंपनीच्या ऑफिसात गेलो. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

सगळ्यात आधी हे समजून घ्या: आपल्याकडे मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, लँडलाईनचा येत नाही. म्हणजे जुना नंबर हवा असेल तर एसआयपी ट्रंकही (बाहेरचे कॉल आणणारी नवी जोडणी) त्याच कंपनीकडून घ्यायचा. दुसऱ्या एका कंपनीचा दर बराच कमी होता, पण आमचा पायलट नंबर पंचवीस वर्षं प्रत्येक टेस्ट सर्टिफिकेटवर, ट्रकच्या प्रत्येक चलनावर छापलाय. पुण्याच्या परचेसवाल्यांना तोच पाठ आहे. नंबर जाणार म्हटल्यावर मालकांनी दराची चर्चाच थांबवली.

पायलट नंबर एसआयपीवर येईल, बाकीचे सात सरेंडर करावे लागतील, असं सांगितलं. दहा चॅनेल, म्हणजे एका वेळी दहा कॉल, मागितले. पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, कंपनीच्या लेटरहेडवर अधिकारपत्र, जागेचा पुरावा, सगळं दिलं. "दहा दिवसांत होईल."

१४ जानेवारी

त्या दोन लाईनींचा माग काढला. एक अकाउंट्समधल्या फॅक्स मशिनला जाते. विचारलं, शेवटचा फॅक्स कधी आला? तर मशिनवर गणपतीची मूर्ती ठेवलेली, झाकणच उघडत नाही. ती लाईन बंद, टी.३८ (नेटवर्कवरून फॅक्स पाठवायची पद्धत) वगैरेच्या भानगडीत पडलो नाही.

दुसरी लाईन फायर अलार्मच्या पॅनेलला जाते. आग लागली की पॅनेल आपणहून त्या लाईनवरून मालकांच्या घरी फोन लावतं. ही लाईन मी न बघता सरेंडर केली असती तर कुणाला कळलंही नसतं. आग लागली असती तेव्हाच कळलं असतं. अलार्मवाल्याने सांगितलं की असला डायलर इंटरनेट फोनवर भरवशाचा नाही, मोबाईल सिमवर चालणारा लावा. ५,५०० रुपये. लगेच मंजूर.

२१ जानेवारी

खरेदी. मालकांना मी १,९०,००० सांगितले होते. आकडा कुठून आणला हे आता मलाच आठवत नाही.

प्रत्यक्षात: आयपी फोन २२, प्रत्येकी ३,२००, म्हणजे ७०,४००. पीओईचे (नेटवर्क केबलमधूनच फोनला वीज देणारे) दोन स्विच ३३,०००. छोटे पीसी दोन (एक चालू, एक जसाच्या तसा तयार ठेवलेला) ५२,०००. सोळा पोर्टचा एफएक्सएस गेटवे (जुने साधे फोन लावायला) ३८,०००. यूपीएस १४,५००. केबल २७,०००, मजुरी १८,०००. बेरीज २,५२,९००. मालक आकड्याकडे बघून म्हणाले, "आणि फोन? ते वेगळे घेणार का?" घेतलेत म्हटलं, त्यातच आहेत.

३ फेब्रुवारी, सोमवार

केबलिंग. ऑफिस, लॅब, स्टोअर, पॅटर्न शॉप इथे नवी केबल टाकून आयपी फोन. पण भट्टीचं शेड ऑफिसपासून १६० मीटर आणि गेट २६० मीटर. नेटवर्क केबल १०० मीटरच्या पुढे चालत नाही. केबलवाला म्हणाला, "चालते ओ, मी लई ठिकाणी टाकलीय." हौस म्हणून त्याच्याकडून भट्टीपर्यंत टाकून बघितली. फोन दर दोन मिनिटांनी रीस्टार्ट. अर्धा दिवस आणि एकशे साठ मीटर केबल वाया.

म्हणून लांबच्या ठिकाणी जुन्या जोड्या आणि जुने साधे फोनच ठेवले. त्या जोड्या ईपीएबीएक्सवरून काढून एफएक्सएस गेटवेला लावायच्या. गेटवे साध्या फोनला डायल टोन देतो, आवाजाचे पॅकेट करून सर्व्हरला पाठवतो. भट्टीशेजारी आयपी फोनचा डिस्प्ले तसाही उष्णतेने टिकला नसता.

१० फेब्रुवारी, सोमवार

सर्व्हरवर (त्या छोट्या पीसीवर) डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि एक्सचेंजचं काम करणारं फ्रीपीबीएक्स टाकलं. एक्स्टेन्शनचे नंबर जुनेच ठेवले, एकही बदलला नाही. हा एकच निर्णय मी पहिल्या दिवशी बरोबर घेतला. डिस्पॅच २१२ म्हणजे २१२, तो बदलला असता तर शिव्या खाव्या लागल्या असत्या.

दुपारी लॅबमधून स्टोअरला पहिला फोन लागला. आवाज इतका स्वच्छ की स्टोअरवाला म्हणाला, "मागं उभा राहून बोलतोयस काय?"

२० फेब्रुवारी

ट्रंक आला. दहा दिवस म्हणाले होते, ४२ लागले. मधल्या काळात सात वेळा चकरा. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तीच कागदपत्रं.

लक्षात घ्या, हा ट्रंक आपल्या नेहमीच्या इंटरनेटवरून येत नाही. कंपनीची वेगळी फायबर, वेगळा डबा आणि एक कागद: आपला आयपी पत्ता, त्यांचा गेटवे, त्यांच्या एसबीसीचा (कॉल घेणाऱ्या-देणाऱ्या यंत्राचा) पत्ता, कोडेक (आवाज पॅकेटमध्ये भरायची पद्धत) जी.७११ ए-लॉ, पासवर्ड नाही. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं, एक आतल्या नेटवर्कला, एक या फायबरला. एका कॉलला जाताना-येताना साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे दहा कॉल धरले तरी १ एमबीपीएसच्या आत. मालकांना "मोठं नेट घ्यावं लागेल" असं जो सांगेल त्याला हा हिशेब दाखवा.

पहिला बाहेरचा फोन लावला. ४०३. नकार.

२१ आणि २२ फेब्रुवारी

४०३ चं कारण संध्याकाळी सापडलं. बाहेर जाताना आपला नंबर कुठल्या रूपात पाठवायचा हे कागदावर नव्हतंच. शून्य लावून पाठवला, न लावता पाठवला, शेवटी अधिक ९१ लावून पाठवल्यावर कॉल गेला.

फोन लागला खरा, पण आम्हाला समोरच्याचं ऐकू येतं, समोरच्याला आमचं नाही. आख्खा शनिवार यात गेला. फायरवॉल बंद केली, कोडेक बदलून बघितले, फोन बदलले. कंपनीच्या हेल्पलाईनचं एकच उत्तर, "आमच्याकडून ओके आहे सर."

शेवटी टीसीपीडम्प (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) लावून पॅकेट कुठे जातायत ते बघितलं. कॉल जोडायची बोलणी एसबीसीच्या पत्त्याशी होतात, पण प्रत्यक्ष आवाज येतो आणि जातो तो त्यांच्याच दुसऱ्या एका पत्त्यावर, आणि तो पत्ता कागदावर नाही. आमच्या सर्व्हरला तो रस्ता माहीत नव्हता, म्हणून आमचा आवाज डिफॉल्ट गेटवेने, म्हणजे ऑफिसच्या ब्रॉडबँडकडे निघून जायचा आणि तिथेच मरायचा. त्या पत्त्यांच्या आख्ख्या रेंजसाठी फायबरच्या कार्डावरून एक स्टॅटिक रूट (कायमचा ठरवलेला रस्ता) टाकला. एक ओळ. दोन दिवस.

ट्रंक घेताना पहिल्याच दिवशी लेखी विचारा: सिग्नलिंगचा (कॉल जोडायचा) पत्ता कोणता आणि मीडियाचे (आवाजाचे) पत्ते कोणते.

१ मार्च

आयव्हीआरचं, म्हणजे कशासाठी कुठला आकडा दाबायचा ते सांगणाऱ्या आवाजाचं रेकॉर्डिंग. मजकूर आधी मी लिहिला, त्यात "प्रेषण विभागासाठी एक दाबा" असं होतं. रिसेप्शनवरच्या ताई वाचून हसल्या. "दादा, प्रेषण विभाग कुठाय आपल्याकडे?" मग साधं ठेवलं: डिस्पॅचसाठी १, खरेदीसाठी २, अकाउंट्ससाठी ३, नाहीतर थांबा.

फाउंड्रीत शांत जागा मिळणं अवघड. जुन्या फायलींची खोली सापडली. कागदाच्या गठ्ठ्यांमुळे आवाज घुमत नाही. ताईंनी तिसऱ्या वेळी छान म्हटलं. मोबाईलची फाईल तशीच चढवली तर फोनवर नुसती शांतता. ८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो वेव्ह अशी करून घेतल्यावर वाजली.

१० ते १२ मार्च

या लाजिरवाण्या नोंदी आहेत, तरी लिहितो.

मालकांना घरी मोबाईलच्या ॲपवर ऑफिसचं एक्स्टेन्शन हवं होतं. मी घाईत ब्रॉडबँडच्या राउटरवर ५०६० पोर्ट (एसआयपीची वाट) बाहेरून उघडला. ॲप चालू झालं, पण प्रत्येक कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटायचा. एसआयपीत कॉल उचलल्याची पोच पोचली नाही की समोरचं यंत्र तेवढाच वेळ वाट बघतं आणि सोडून देतं. मालकांच्या घरच्या राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची सोय चालू होती. ती मदत करायच्या नावाखाली पॅकेटमधले पत्ते बदलते. बंद केली, तुटणं थांबलं.

११ तारखेला सकाळी लॉग बघितला तर रात्रभरात ४०,००० च्या वर लॉगिनचे प्रयत्न. जगभरचे बॉट असा उघडा पोर्ट शोधतच फिरत असतात. आणि स्टोअरचं एक्स्टेन्शन फुटलं होतं. चाचणीच्या वेळी त्याचा पासवर्ड मी एक्स्टेन्शनचाच नंबर ठेवला होता, बदलायचा राहिला. त्यावरून परदेशातल्या नंबरांना शेकडो कॉल लावले गेले. ट्रंकवर आयएसडी मुळातच बंद घेतला होता म्हणून एकही लागला नाही. चालू असता तर महिन्याचं बिल बघून मालकांनी मलाच भट्टीत टाकलं असतं.

पोर्ट बंद. सगळे पासवर्ड लांबलचक. फेल२बॅन (चुकीचं लॉगिन करत राहणाऱ्याला अडवणारा प्रोग्रॅम) चालू. मालकांच्या मोबाईलवर व्हीपीएन. त्यांना ॲपच्या आधी एक बटण जास्त दाबावं लागतं, ते अजून कुरकुरतात. चालेल.

१७ मार्च, सोमवार

बदलीचा दिवस. सकाळी ९ ला सुरुवात. क्रोन टूलने जोड्या एकेक करून ईपीएबीएक्सवरून काढून गेटवेच्या पट्टीवर मारल्या. यादीबाहेरच्या चारपैकी तीन जोड्यांचं गूढ तोवर उकललं होतं: एक कँटीनचा पॅरलल फोन, एक फायर पंप हाऊस, एक जुन्या वजनकाट्याच्या खोलीत (तिथे आता स्क्रॅपचं गोदाम आहे, फोन भंगारात). चौथी भट्टीच्या शेडमध्ये जाते, पण तिथे फोन एकच दिसला. भट्टी बंद, शेडमध्ये कुणी नाही, विचारणार कुणाला. पुढे बघू म्हणून सोडून दिली.

कंपनीने पायलट नंबर दुपारी १२ ला वळवायचा होता, वळवला ४:१० ला. तोवर बाहेरून फोन करणाऱ्याला "हा क्रमांक अस्तित्वात नाही". सुट्टी होती म्हणून निभावलं. कामाच्या दिवशी हे करू नका.

१८ मार्च

सकाळी ८:४० ला मेल्टिंगचे सुपरवायझर तणतणत ऑफिसात. "फोन वाजतो का न्हाई तुमचा?"

झालं असं. भट्टीतून नमुना लॅबला जातो, स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर) तपासतात आणि लॅबमधून फोनवर सांगतात की सिलिकॉन किती टाका, कार्बन किती. मग ओतायचं. लॅबवाला फोन करत राहिला, भट्टीवर कुणी उचलेना. शेवटी पोरगं पळत आलं, तोवर २० मिनिटं वितळलेला माल भट्टीत नुसता तापत बसलेला. तेवढी वीज फुकट.

चौथी जोडी म्हणजे एक घंटा होती. शेडच्या खांबावर उंच, काजळीने खांबाच्याच रंगाची झालेली, शाळेच्या घंटेसारखी, भट्टीच्या फोनबरोबर टणाणणारी. भट्टीच्या आवाजात फोनची रिंग कधीच कुणाला ऐकू येत नव्हती. सोळा वर्षं सगळे घंटेवरच धावत होते.

घंटा गेटवेच्या एका पोर्टला लावून बघितली. टोला नुसता थरथरतो, आदळत नाही. जुन्या यंत्रणेच्या रिंगमध्ये जो जोर होता तो या गेटवेत नाही. दोन दिवस मोबाईलवर काम चालवलं. २० तारखेला रिंग ओळखणारा रिले बसवला, त्यावर २३० व्होल्टचा हूटर आणि फिरता लाल दिवा. २,८०० रुपये. आता लांबूनही दिसतं.

२२ मार्च

किरकोळ, पण प्रत्येकाने अर्धा-अर्धा दिवस खाल्ला:

लँडलाईनवरून मोबाईल लावताना पुढे शून्य लावायचा नियम १५ जानेवारी २०२१ पासून आहे. आमच्याकडे बाहेरची लाईन घ्यायलाही शून्य. जुन्या सवयीने लोक दोन शून्य दाबायचे, नवे एकच दाबतात आणि कॉल लागत नाही. आता दहा आकडी नंबर ६ ते ९ ने सुरू झाला की सर्व्हर स्वतःच शून्य लावतो. ११२ मात्र शून्य दाबून आणि न दाबता, दोन्ही प्रकारे लागेल असं केलं.

बँकेच्या आयव्हीआरला "१ दाबा" म्हटल्यावर दाबलेला आकडा जायचा नाही. डीटीएमएफची (दाबलेला आकडा पाठवायची) पद्धत आमच्या बाजूला इनबँड, म्हणजे आवाजातूनच, होती. आरएफसी ४७३३ (आकडा वेगळ्या पॅकेटमधून) केल्यावर जायला लागला.

आणि गेटवरचे मामा. ते पाळी बदलताना रिसीव्हर उचलून टोन ऐकतात, मग वहीत "फोन चालू" लिहितात. पाच दिवस त्यांनी "फोन बंद" लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, "टोन आपला न्हाई की ओ. फोन लागतोय, पण टोन आपला न्हाई." कान लावून ऐकलं. खरंच होतं. गेटवेचा देश अमेरिका राहिला होता, त्यामुळे सपाट सूर यायचा. आपला डायल टोन ४०० हर्ट्‌झचा, २५ हर्ट्‌झने थरथरणारा. सेटिंगमध्ये भारत निवडला. मामांनी ऐकलं, मान हलवली आणि वहीत "फोन चालू" लिहिलं.

७ एप्रिल, सोमवार

वीज घालवून चाचणी. मेन खाली केला. सर्व्हर, फायबरचा डबा, गेटवे, एक स्विच चालू. पॅटर्न शॉपचे सहा फोन मेले. तिथला स्विच यूपीएसवर नव्हताच. चहाच्या किटलीच्या बोर्डात लावलेला, आणि किटली लावायची म्हणून पोरं कधीकधी तोच प्लग काढत असावीत. मार्चमधल्या दोन "गूढ" बिघाडांचा खुलासा झाला. वेगळी वायर ओढली, प्लगला टेप मारला.

२४ एप्रिल

काल संध्याकाळी वळीव. विजा भरपूर. सकाळी गेट, पंप हाऊस आणि भट्टीकडचे मिळून गेटवेचे चार पोर्ट जळालेले.

आता ते प्लास्टिकचे तुकडे. ६ जानेवारीला मी अडगळ म्हणून डब्यात टाकले ते विजेपासून वाचवणारे अरेस्टर होते. वीज उतरली की आतली गॅसची नळी ती अर्थिंगला सोडते. पेन्सिलीने नंबर लिहिणाऱ्या त्या लाइनमनने लांबच्या प्रत्येक जोडीवर एकेक खोचला होता. मी इलेक्ट्रिकलचा माणूस, आणि मला तो ओळखता आला नाही.

त्या तुकड्यांचा डबा अजून होता, पण एमडीएफची अर्थिंगची पट्टीच गंजलेली. नवे अरेस्टर आणि अर्थिंग ६,४००, गेटवेची दुरुस्ती ९,५००. चार दिवस गेटवर मामांना मोबाईल दिला होता. त्यांनी तो वापरला नाही, निरोप सायकलवरून आणले.

१२ मे, सोमवार

हिशेब. मूळ २,५२,९००, त्यावर डायलर ५,५००, हूटर २,८००, अरेस्टर ६,४००, दुरुस्ती ९,५००. एकूण २,७७,१००. सांगितले होते १,९०,०००.

आधी महिन्याचं बिल सरासरी ११,४०० आणि ईपीएबीएक्सची एएमसी (देखभालीचा करार) १,५००. आता ट्रंकचे धरून ७,२०० होतात. म्हणजे महिन्याला ५,७०० वाचतात, पैसे वसूल व्हायला चार वर्षं. कुणी तुम्हाला "सहा महिन्यांत वसूल" म्हणून विकत असेल तर त्याला तुमच्या भट्टीवरची घंटा दाखवा. आम्ही हे पावसाळ्यातल्या त्या १९ दिवसांसाठी केलं.

ईपीएबीएक्स भिंतीवरून उतरवला. एमडीएफचं झाकण मात्र ठेवलं, पेन्सिलीच्या आकड्यांवर पारदर्शक टेप मारली, शेजारी मार्करने नवे नंबर लिहिले.

सात लाईनींचं डिपॉझिट परत मागायचा अर्ज २ एप्रिलला दिलाय. पोच आहे, पैसे नाहीत. आले की इथे तारीख टाकतो.